बॉनेटवरचा पाण्याचा ग्लास

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो, पण जुनी म्हटल्याबरोबर चेहरे पाडू नका. मला कुणी उकिरड्याशेजारी टाकून दिलेलं नाही. आत्ता या घडीला माझ्या हौद्यात मातीची बारा पोती आहेत, गुलाबाची रोपं आहेत आणि वर एक मांजर झोपलेलं आहे. मांजर माझं नाही, पण ते तसं मानत नाही. उन्हं चांगली पडलेली आहेत, कामाला अजून तासभर आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून होईल.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाच्या पत्र्यांना आधी आकार दिला, मग चासीच्या सांगाड्यावर इंजिन बसवलं, मग रंग. मला पांढरा रंग मिळाला. बाहेर पडताना माझ्यासारख्याच चाळीस पांढऱ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि खरं सांगते, मला स्वतःला त्यांच्यातून ओळखता आलं नसतं. तिथून आम्हा चौघींना एका विक्रीच्या दुकानात आणून उभं केलं. येणारी गिऱ्हाइकं दारं उघडून बघायची, टायरला लाथ मारायची. लाथ मारून काय कळतं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

एके दिवशी एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. बोटांवर बारीक बारीक चिरे, खिशात मोजपट्टी. त्यांनी दार उघडलं नाही की लाथ मारली नाही. विक्रेत्याला म्हणाले, जरा एक ग्लास पाणी मिळेल का? त्याला वाटलं तहान लागली असेल, म्हणून तो ताटलीत ठेवून अदबीनं घेऊन आला. त्यांनी ग्लास पहिल्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध ठेवला, आणखी पाणी मागवून काठोकाठ भरला आणि गाडी चालू करायला सांगितली. पाणी सांडलं. दुसऱ्या गाडीवर सांडलं, तिसरीवरही. तोवर विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्यावर ग्लास ठेवला तेव्हा मी श्वास रोखून धरला, म्हणजे गाडीला जेवढा रोखता येतो तेवढा. पाणी थरथरलं, काठावर फुगलं, पण एक थेंब खाली आला नाही. गृहस्थ ग्लासमधलं पाणी पिऊन टाकत म्हणाले, "ही द्या. आणि हा ग्लासही."

ते काचवाले काका. खाली काचेचं दुकान आणि वर घर. मागे फरशीचं अंगण, तिथे माझी जागा. दुकानात काचेचे मोठे ताव उभे करून ठेवलेले असायचे. काका त्यांच्यावर हिऱ्यानं रेघ ओढायचे, तेव्हा बारीक कर्र आवाज यायचा आणि मग एक टिचकी मारली की काच सरळ रेषेत दोन व्हायची. माझ्या हौद्यात त्यांनी एक लाकडी घोडी बसवली. घोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरती, घराच्या छपरासारखी चौकट. तिला रबराच्या पट्ट्या आणि जुन्या चादरी. काच तिच्यावर तिरकी टेकायची, पट्ट्यांनी बांधायची आणि मग निघायचं.

निघायचं म्हणजे रांगायचं. काकांइतकं हळू गाडी चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सगळी गल्ली त्यांना कासवकाका म्हणायची. आमच्या मागे भोंग्यांचा गोंगाट लागायचा, सायकलवरची शाळकरी पोरं आम्हाला मागे टाकून वर हात हलवायची. काका त्यांनाही हसून हात दाखवायचे. खड्डा आला की मला हळूच म्हणायचे, "सांभाळ गं." मला सुरुवातीला या चालीची लाज वाटायची. पण अकरा वर्षं, मित्रांनो, अकरा वर्षं माझ्या पाठीवर एका काचेलासुद्धा तडा गेला नाही. वाचनालयाची भिंतभर खिडकी मी नेली. बेकरीचं काचेचं कपाट मी नेलं. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत जी माशांची पेटी आहे ना, तीही मीच. रस्त्यानं जाताना त्या प्रत्येक काचेत मला माझं रूप दिसायचं आणि मी जरा भाव खायची.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी परीक्षा असायची. तोच पाण्याचा ग्लास. काका तो बॉनेटवर ठेवायचे आणि पाणी ओतायचं काम त्यांच्या मुलीचं. तिला सगळे ताई म्हणतात, अगदी लहान होती तेव्हापासून. ती पालथ्या बादलीवर चढून, जीभ दातात धरून तांब्यानं पाणी ओतायची. काकांचा नियम होता, नुसता भरून चालत नाही, पाणी काठाच्या वर जरासं फुगलं पाहिजे. मग इंजिन चालू. पाणी सांडलं नाही तर आठवड्याच्या कामाला मी लायक. सांडलं तर सरळ मिस्त्रीकडे, मग दुकानात कितीही घाई असो. मिस्त्री इंजिनाखालचं रबर बदलायचा, कधी स्प्रिंगच्या पाट्यांना तेल द्यायचा आणि पुढच्या सोमवारी मी पुन्हा पास. काकू वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायच्या आणि म्हणायच्या की पोरीच्या अभ्यासाची इतकी काळजी या माणसानं कधी केली नाही.

दिवस गेले तशी ताई बादलीशिवाय पुरायला लागली. काच कापायला शिकली, आणि काकांपेक्षा तिचा हात सरळ, असं काका स्वतः सांगत सुटायचे. मला मात्र वय व्हायला लागलं. पांढऱ्या रंगाला पिवळट झाक आली. दाराखाली गंज धरला. थंडीत चालू होताना मी खोकायची. एकदा मिस्त्री माझ्या खाली सरपटत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा हात पुसत त्यानं काकांना सांगितलं की इंजिन उतरवून नीट करता येईल, पण चासीला गंज लागलाय, आणि चासी म्हणजे गाडीच्या पाठीचा कणा. आता हिला द्या कुणाला तरी. चांगल्या स्थितीत आहे तोवर कुणीही आनंदानं नेईल.

काकांनी विचारलं, पण नक्की वेळ झाली हे कळतं कसं?

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. म्हणाला, "गाडीसाठी तुम्ही रस्ता बदलायला लागलात ना काका, की समजायचं."

काकांनी घाईनं विषय बदलला. कारण आम्ही रस्ता आधीच बदलला होता. टेकडीवरच्या वस्तीतली कामं काकांनी दोन वर्षांपासून घेणं बंद केलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचे, तिकडची माणसं फार चिकित्सक आहेत. माणसं बिचारी चांगली होती, चढ वाईट होता.

मला विकायचं ठरलंच नाही असं नाही. दरवर्षी ठरायचं. काकू विषय काढायच्या आणि काका कबूलही व्हायचे. पण नुकतेच टायर नवे घातले होते, ते काय दुसऱ्याला फुकट द्यायचे? ते जरा वापरून होऊ देत. टायर झिजेपर्यंत बॅटरी गेली. नवी बॅटरी टाकली, मग ती वसूल व्हायला हवी. बॅटरी थकेपर्यंत पुन्हा टायरांची वेळ आली. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. म्हणायच्या, या हिशेबानं ही गाडी आपल्या दोघांनंतरच घराबाहेर पडेल. मी अंगणात ऐकायची आणि मनातून सुखावायची. कोणाला नकोसं व्हावंसं वाटतं?

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला थोडी शरम वाटते. त्याच सुमाराला सोमवारचं पाणी ओतायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. ताईला म्हणाले, तू दुकान उघड, मी बघतो. पहिल्या सोमवारी त्यांनी ग्लास भरला तो काठाच्या एक बोट खाली. पाणी हललं, सांडलं नाही. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या बॉनेटवर थाप मारली. पुढच्या वर्षी दोन बोटं खाली. मग तीन. शेवटी शेवटी तर अर्ध्या ग्लासाला परीक्षा म्हणायची वेळ आली. दर सोमवारी मी पास! ग्लासाचं वजन हलकं झालेलं मला बॉनेटवर कळत होतं, मित्रांनो. पण मी मूग गिळून बसले. त्यांना माझी माया होती आणि मला ती हवी होती.

मग काकांचा गुडघा दुखायला लागला आणि माझं स्टिअरिंग ताईच्या हातात आलं. ती काकांसारखीच चालवायची, हळू, खड्ड्याला सांभाळून. तिला आयुष्यातलं पहिलं मोठं काम मिळालं ते टेकडीवरच्या नाचाच्या वर्गाचं. माणसाएवढ्या उंचीचे दहा आरसे, एका ओळीत, सांधा दिसता कामा नये. तिथल्या शिक्षिकाबाईंनी तिचं दुकानातलं काम पाहून तिलाच बोलावलं होतं. काका चढाचं नाव ऐकून गडबडले, पण पोरीचा आनंद बघून त्यांना नाही म्हणवेना. सोमवार नव्हता, तरी त्यांनी अर्धा ग्लास ठेवून बघितला. सांडला नाही. म्हणाले, जा.

आम्ही निघालो. सपाटीवर सगळं ठीक होतं. चढाला लागलो आणि माझ्या अंगात थरथर भरली, ती इंजिनापासून चासीत आणि चासीतून घोडीत. ताईनं गिअर बदलून पाहिला, थांबून पट्ट्या घट्ट केल्या, पुन्हा हळूच निघाली. वळणावर एक बारीकसा आवाज आला, टिक. थोड्या वेळानं आणखी एक. वर पोचून चादरी काढल्या तर दोन आरशांना कोपऱ्यापासून केसाएवढ्या रेघा गेल्या होत्या. ताई त्या आरशात स्वतःला बघत उभी राहिली, आणि मला तिचा चेहरा दोन्हीकडून दिसत होता.

शिक्षिकाबाई भल्या होत्या. आठ आरसे बसवा, उरलेले दोन महिनाभरात आणा, एवढंच म्हणाल्या. पण घरी आल्यावर ताईनं काकांना विचारलं की बाबा, माझं काय चुकलं? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, वळण जरा जोरात घेतलं असशील.

अकरा वर्षांत न फुटलेली काच माझ्या पाठीवर फुटली, त्याचं मला दुःख झालं होतंच. पण त्या एका वाक्यानं मला तोंडात मारल्यासारखं झालं. वळण तिनं मुळीच जोरात घेतलं नव्हतं. तिच्या पायाखालचा ब्रेक माझा होता, मला ठाऊक नसेल तर कोणाला?

त्यानंतर ताई मला हात लावेना. जवळची कामं हातगाडीवरून व्हायला लागली. दुकानात ती काच कापायची, पण रेघ ओढण्याआधी दोनदा थांबायची. तिसऱ्या आठवड्यात ती काकूंना सांगत होती की एका कचेरीत टेबलावरची नोकरी आहे, अर्ज करते, माझ्या हातात या धंद्याला लागतं ते नाही. काकू जिन्यावर भाजी निवडत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला. पुढच्या सोमवारी त्यांनी काकांना गुडघा दाखवायला दवाखान्यात पाठवलं आणि ताईला म्हणाल्या, आज गाडीची परीक्षा तू घे, बाबा नाहीत.

ताई तांब्या घेऊन आली. ग्लास मधोमध ठेवला आणि लहानपणी शिकली होती तसाच भरला, काठाच्या वर फुगेपर्यंत. कित्येक वर्षांनी मला त्या ग्लासाचं खरं वजन कळलं. तिनं आत हात घालून किल्ली फिरवली. मी जिवाच्या आकांतानं स्थिर राहायचा प्रयत्न केला, पण पाणी सांडलं. आधी एका बाजूनं, मग चहूबाजूंनी, आणि शेवटी ग्लासच सरकत सरकत कडेला आला. ताईनं तो झेलला. पुन्हा भरला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती वर खिडकीकडे बघून म्हणाली, "आई, हे कधीपासून?"

काकू म्हणाल्या, "मी वरून बघते ना, मला ग्लास दिसतो, आतलं पाणी दिसत नाही. पण पूर्वी रिकामा येणारा तांब्या वर येताना अर्धा भरलेला यायला लागला, तेव्हापासून मला शंका आहे."

काका दवाखान्यातून आले तेव्हा माझं बॉनेट ओलं होतं आणि ताई त्याच जुन्या पालथ्या बादलीवर बसली होती. ते बघूनच काकांना सगळं कळलं. ते काठी टेकून माझ्या दाराला पाठ लावून उभे राहिले. मग म्हणाले, "चार वर्षं झाली. आधी एक बोट कमी भरला, मग दोन. मला वाटायचं, मी माझ्यापुरतं चालवून घेतोय. हळू चालवतो, चढ टाळतो, कोणाचं काय जातं?" मग ते ताईकडे वळले. "पोरी, ही थरथरते. तुझा हात थरथरत नाही. मी खोटं बोललो."

ताई रडली. काका पण. काकूंनी वरून विचारलं की चहा ठेवू का, आणि कोणी उत्तर दिलं नाही म्हणून ठेवला. माझं म्हणाल तर मला हायसं वाटलं. खोटं पास होण्याचं ओझं काचेपेक्षा जड असतं.

दुसऱ्याच दिवशी ते नवी गाडी बघायला गेले, आणि ग्लास घरून घेऊन गेले. निळी गाडी आली. जुनी द्या, नवी घ्या, अशी तिथल्या विक्रेत्याची योजना होती, पण त्यानं मला बघून सांगितलं की हिला आम्ही मोडीतच काढणार. चार वर्षांपूर्वी आणली असती तर सरळ दुसऱ्या कोणाच्या दारात उभी राहिली असती. काका ऐकून घेत होते. म्हणाले, बरोबर आहे तुमचं, उशीर माझा आहे, पण मोडीत नाही.

निळ्या गाडीची पहिली खेप ठरलेली होती. दोन नवे आरसे, टेकडीवर. ताईच चालवणार, काका शेजारी बसणार. मी अंगणातून त्यांना जाताना पाहिलं. तो दिवस मला फार लांब वाटला. कारण त्याच वळणावर पुन्हा काही तडकलं असतं, तर ताईनं दोष पुन्हा स्वतःच्या हातालाच दिला असता. दुपारी ते परत आले. माझ्याकडून तिच्या हौद्यात गेलेली घोडी रिकामी होती, चादरी नीट घड्या घातलेल्या. काका खाली उतरले आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की तेच वळण, तोच हात, आणि दहाच्या दहा आरसे ओळीत लागले, सांधा शोधून दाखवा. ताईनं येऊन माझ्या बॉनेटवर थाप मारली, अगदी काका मारायचे तशी. नोकरीच्या अर्जाचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही.

उरले मी. मला बघायला दोघंतिघं आले. प्रत्येकासमोर काका तोच ग्लास ठेवायचे, काठोकाठ भरायचे आणि मी भर अंगणात पाणी सांडायची. गंजसुद्धा खाली वाकून दाखवायचे. माणसं नाकं मुरडून जायची. काकू म्हणाल्या, अहो, गाडी विकताय की तिची तक्रार करताय? पण काकांनी आता कानाला खडा लावला होता.

शेवटी नर्सरीवाल्या बाई आल्या. गुडघ्याएवढे बूट, नखांत माती. त्यांची बाग आणि बाजार एकाच सपाट रस्त्यावर, मैलभराचं अंतर. काकांनी सगळं सांगितलं, चढ चालणार नाही, काच चालणार नाही, घाई चालणार नाही, दर सहा महिन्यांनी चासी तपासून घ्यायची. मग ग्लास ठेवला. पाणी खळखळून सांडलं. बाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "सांडू दे की. मला पाणी झाडांनाच घालायचंय. आणि माती काही फुटत नाही."

काका किती दिवसांनी मोकळं हसले! किल्ली देताना त्यांनी ती हातात दोनदा फिरवली, आणि मला नेहमीचंच म्हणाले, "सांभाळ गं."

तेव्हापासून मी इथे आहे. सकाळी माती, दुपारी रोपं, संध्याकाळी रिकामे डबे. गंजलेल्या जागा मिस्त्रीनं खरवडून जोड दिला आहे आणि बाई त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. मी थरथरते तेव्हा हौद्यातली पानं हलतात, आणि बाजारातल्या बाया म्हणतात, किती टवटवीत रोपं आहेत. आता यात माझा वाटा आहे हे मी त्यांना कसं सांगू?

गेल्या महिन्यात बाईंनी रोपांसाठी काचेची खोली बांधली. काचा कोण आणणार? निळ्या गाडीतून ताई आली, शेजारी काका. ताई शिडीवर चढून ताव बसवत होती, रेघ ओढताना एकदाही थांबली नाही. काका काठी टेकत माझ्यापाशी आले. खिशातून ग्लास काढला. हो, तोच. बागेच्या नळावर काठाच्या वर फुगेपर्यंत भरला, थेंब न सांडता आणून मधोमध ठेवला आणि मला चालू केलं. पाणी चहूकडे सांडलं, मांजर पळालं. काकांनी बाहीनं माझं बॉनेट पुसलं आणि म्हणाले, बरोबर. थरथर आहे तेवढंच सांडलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी जुनं असेल. सायकल असेल, पंखा असेल, गाडी असेल. त्याला तेल द्या, पुसा, गंज बघा, हे तर मी म्हणणारच. पण मायेपोटी त्याची परीक्षा सोपी करू नका. आम्हाला जे जमत नाही ते आमच्याकडून करवून घेऊ नका, आणि आमची चूक लेकराच्या माथी मारू नका. अजून चार कामांच्या लायक आहोत तोवर, जिथे ती कामं आहेत तिथे आम्हाला जाऊ द्या. निरोप देताना रडा हवं तर. फक्त ग्लास काठोकाठ भरा.